चार टोपणं कल्टार: सड्यावरच्या बागेतल्या वर्षभराच्या प्रकल्प नोंदी

९ जून
मृग निघाला, पण पावसाचा पत्ता नाही. आप्पांनी (माझे सासरे) मांगरातल्या (बागेतल्या खोपटातल्या) सगळ्या बाटल्या अंगणात काढून पुसायला घेतल्या. कल्टारची बाटली कानाशी नेऊन हलवली नि मला विचारलं, "ह्या कल्टार म्हणजे नेमका काय गो? खत की औषद?"

मी अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते. वनस्पती संप्रेरकांचा पाठ दर वर्षी घेते. ऑक्सिन, जिब्बरेलिन, सायटोकायनिन, इथिलीन, अॅब्सिसिक आम्ल, प्रत्येकापुढे दोन-दोन ओळी आणि परीक्षेला 'जोड्या लावा'. आणि घरच्या कलमांना मोहोर यावा म्हणून वर्षानुवर्षं जे घातलं जातं त्याचं धड उत्तर मला देता येईना. मी म्हटलं, "संजीवक आहे." आप्पा म्हणाले, "म्हणजे जीव येता की काय?"

म्हणून ही वही. देवगड तालुक्यातला आमचा सडा, खाली कातळ, वर हातभर माती, हापूसची बारा कलमं हिशेबात धरली. त्यातल्या तीन कलमांना यंदा कल्टार घालायचं नाही, असं मी मागून घेतलं. ५, ९ आणि १२ नंबर. आप्पांची अट: "तीन कलमां तुका दिलंय. नुकसान झाला तर तुझ्या पगारातसून."

१५ जून
सड्यावर काम सुरू व्हायला अवकाश आहे, तोवर घरातल्या घरात ऑक्सिन. चपलांच्या खोक्याला एका बाजूला भोक, आत काळा कागद, नारळाच्या करवंटीत भिजवलेला भात. अंधारात कोंब वर आले, तेव्हा टोकांना चॉकलेटच्या चांदीच्या टोप्या घालायला बसले. भाताचा कोंब सुईएवढा. सहापैकी चार टोप्या खाली पडल्या, पाचवी घालताना कोंबच मोडला. दुसऱ्या दिवशी म्यान फाडून हिरवी पात बाहेर आली, म्हणजे प्रयोग संपला. जे वाकतं ते म्यान, पात नव्हे.

२१ जून
मका घेतला. कोंब जाड, टोपी नीट बसते. बारा कोंब: चार उघडे, चार टोकावर टोपी घातलेले, चार टोकाखाली चांदीची पट्टी गुंडाळलेले. सकाळी साडेआठला भोक उघडलं, दुपारी जेवून बघितलं तर उघडे चारही भोकाकडे वाकलेले. पट्टीवालेही वाकले. टोपीवाले सरळ उभे, एक जरासा कलला होता, पण त्याची टोपी सैल होती.

चार्ल्स डार्विन आणि त्यांचा मुलगा फ्रान्सिस यांनी हेच कॅनरी गवताच्या कोंबांवर करून १८८० साली लिहून ठेवलं. उजेड ओळखतं टोक, वाकतो खालचा भाग. म्हणजे टोकाकडून काहीतरी खाली येतं. ते 'काहीतरी' १९२८ साली फ्रिट्स वेंट यांनी पकडलं. ओटच्या कोंबांची टोकं कापून जेलीसारख्या अगारच्या चकतीवर ठेवली, मग ती नुसती चकती बिनटोकाच्या कोंबावर एका बाजूला ठेवली. कोंब उजेडाशिवायच विरुद्ध बाजूला वाकला. ते ऑक्सिन.

पुतणीने विचारलं, "काकी, गणपतीच्या मखराचा जिलेटिन कागद लावला तर?" लावला. लाल कागदातून आलेल्या उजेडाला कोंबांनी विचारलंसुद्धा नाही, निळ्याला लगेच वाकले. उजेड ओळखणारं प्रथिन निळ्या रंगावर चालतं हे मला माहीत होतं, पण मखराच्या कागदाने ते इतकं स्वच्छ दिसेल असं वाटलं नव्हतं.

२४ जून
दोन दिवस कोसळतोय, कॉलेजला सुट्टी. वाचलेलं उतरवून ठेवते.

पाठात 'ऑक्सिन टोकाशी तयार होते' एवढं वाक्य असतं. झाड ते बनवतं कशातून? ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लातून, मुख्यतः दोन पायऱ्यांत. पहिल्या पायरीला टीएए नावाची विकरं (एन्झाइम), दुसरीला युक्का नावाची. दुसरी पायरी म्हणजे नळाची तोटी: ती जितकी उघडी तितकं ऑक्सिन.

पण नुसतं बनवून भागत नाही. ऑक्सिन कोंबात वरून खाली जातं ते पाण्यासारखं उतरत नाही. पेशीच्या एका ठरावीक बाजूला 'पिन' नावाची प्रथिनं बसलेली असतात, ती ऑक्सिनला त्याच दाराने बाहेर काढतात. दारं कुठल्या भिंतीला यावर दिशा ठरते. उजेड एका बाजूने आला की ऑक्सिनची वाट सावलीच्या बाजूला वळते, तिथल्या पेशी जास्त लांबतात, कोंब उजेडाकडे वाकतो. काम झालं की उरलेलं ऑक्सिन अमिनो आम्लाला जोडून बाजूला टाकलं जातं किंवा ऑक्सिडीकरण करून कायमचं मोडलं जातं.

म्हणजे बनवणं, नेणं, कुलपात ठेवणं, मोडणं. या चार कामांपैकी पाठात एकच येतं. बाकी तीन नसतील तर झाड म्हणजे ब्रेक नसलेला डंपर. कल्टारचं उत्तर या चारांपैकी कशात तरी आहे, एवढं आज कळलं.

४ जुलै
लावणी. मळ्यात तरवा (भाताची रोपं) काढताना पेंढीत चार-पाच काड्या बाकीच्यांपेक्षा वीतभर उंच, पिवळट, बारीक दोऱ्यासारख्या. मी हातात धरून बघत राहिले. आप्पा बांधावरून ओरडले, "तो खुळो तरवो! उपटून टाक, लावू नको. तेका दाणो धरूचो नाय."

मी चिखलात उभी राहून हसले. हा बुरशीचा रोग, जपानी शेतकरी त्याला 'बकानाए' म्हणतात, त्याचा अर्थ खुळं रोप. शब्दाला शब्द.

१९२६ साली एइची कुरोसावा तैवानमध्ये या रोगावर काम करत होते. बुरशी वाढवलेलं पाणी गाळून, बुरशी पूर्ण काढून टाकून, नुसतं पाणी निरोगी रोपांना दिलं. तीही तशीच उंच नि खुळी झाली. बुरशी जे सोडत होती त्याला १९३५ साली तेइजिरो याबुता यांनी जिब्बरेलिन नाव दिलं, बुरशीच्या तेव्हाच्या जिब्बरेला या नावावरून. पुढे कळलं की हे रसायन झाडं स्वतःही बनवतात, फक्त मोजून. बुरशी बेहिशेबी बनवते.

संध्याकाळी पाय धुताना आणखी एक गोष्ट डोक्यात आली. आमच्या मळ्यात 'जया' लावतात. १९६८ साली आलेली बुटकी जात. तिच्यात तायचुंग नेटिव्ह १ या तैवानी भाताकडून बुटकेपणाचं जनुक आलंय. त्या जनुकात काय बिघडलंय ते २००२ साली उलगडलं: जिब्बरेलिन बनवण्याच्या शेवटच्या पायऱ्यांतलं एक विकर मोडकं आहे. जिब्बरेलिन कमी, म्हणून काडी आखूड. काडी आखूड म्हणून खत घातलं तरी भात आडवा पडत नाही. एकाच मळ्यात एका काडीला जिब्बरेलिन जास्त झालं म्हणून उपटायची, आणि बाकीचा सगळा मळा जिब्बरेलिन कमी म्हणून पिकतो.

२० जुलै
कलमांची मापं. विद्यापीठाची (दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची) शिफारस अशी: झाडाच्या विस्ताराचा पूर्व-पश्चिम नि दक्षिण-उत्तर व्यास मोजायचा, सरासरी काढायची, दर मीटरला ३ मिलिलिटर कल्टार. म्हणजे पाऊण ग्रॅम पॅक्लोब्युट्राझोल, कल्टारमधलं मूळ रसायन. वेळ १५ जुलै ते १५ ऑगस्ट.

दोरी घेऊन पुतणी एका टोकाला, मी दुसऱ्या. कलम ४: ८.४ आणि ७.२, सरासरी ७.८ मीटर, म्हणजे २३.४ मिलि. कलम २ सर्वांत लहान, ५.१ मीटर, १५.३ मिलि. कलम ११ मोठं, ९.२ मीटर, २७.६ मिलि.

आप्पांना विचारलं, तुम्ही किती घालता? "चार टोपणां." कुठल्या झाडाला? "सगळ्यांक." टोपण धुऊन इंजेक्शनच्या सिरिंजने पाणी भरून मोजलं. अकरा मिलि. चार टोपणं म्हणजे ४४. कलम २ ला गेली कित्येक वर्षं जवळजवळ तिप्पट जातंय.

मग कलम २ कडे नीट बघितलं. शेंड्याच्या काड्या बोटाच्या पेराएवढ्या, पानं एकावर एक झुपक्यासारखी चिकटलेली. मला आजवर वाटायचं ते कलमच तसलं. आप्पा काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने टोपण मागून घेतलं नि खिशात ठेवलं.

२८ जुलै
पावसाने उघडीप दिली. जमीन ओली हवी, पण पाणी साचलेलं नको, म्हणून आजचा दिवस साधला.

बुंधा नि विस्ताराची कड यांच्या मध्यावर गोल आखायचा. त्यावर पहारीने पंचवीस-तीस भोकं, १० ते १२ सेंटिमीटर खोल. मोजलेलं कल्टार चार लिटर पाण्यात कालवून मग्ग्याने सगळ्या भोकांत सारखं वाटायचं, भोकं मातीने बुजवायची. लिहायला दोन ओळी. करायला नऊ कलमांना सकाळी सात ते दुपारी अडीच. तिसऱ्या-चौथ्या भोकाला पहार कातळावर टण्णकन वाजते नि हात कोपरापर्यंत झिणझिणतो. मग चार बोटं बाजूला सरकायचं, परत टण्ण. कलम ७ च्या पश्चिमेला एकवीसच भोकं बसली, बाकी सगळा चिरा.

कलम २ ला यंदा निम्मीच मात्रा, ७.६ मिलि. पॅक्लोब्युट्राझोल मातीत लवकर विरघळून जात नाही, मागच्या वर्षीचं थोडंफार असणारच. याच कारणाने माझी '५, ९, १२' ही बिनकल्टारची कलमंसुद्धा खरी बिनकल्टारची नाहीत. तुलना करताना हे विसरायचं नाही, म्हणून ठळक लिहून ठेवते.

प्रत्येक कलमावर वीस शेंडे निवडून लाल लोकर बांधली. शेजारच्या मांगरातला गुरखा बराच वेळ बघत होता, शेवटी विचारून गेला की देवाचं काही आहे का.

२९ जुलै
हात दुखतायत, बसून लिहिते. आप्पांच्या जूनमधल्या प्रश्नाचं उत्तर.

झाड जिब्बरेलिन बनवतं ती वाट लांब आहे. पेशीतल्या हरितलवकांत सुरू होते, तिथे कौरीन नावाचा चार कड्यांचा सांगाडा तयार होतो. मग कौरीनचं पायरीपायरीने ऑक्सिडीकरण होतं, आणि शेवटी दोन विकरं त्यातून चालणारं जिब्बरेलिन घडवतात. तिसरं एक विकर तेच जिब्बरेलिन निकामी करायला बसलेलं असतं. जिब्बरेलिन जास्त झालं की झाड बनवणारी विकरं कमी करतं नि मोडणारं वाढवतं. कमी झालं की उलट. आमच्या आईंचं (सासूबाईंचं) मिठाच्या बरणीवर असतं तसं लक्ष.

पॅक्लोब्युट्राझोल मुळांतून शिरतं, पाण्याच्या नळ्यांमधून शेंड्याकडे चढतं आणि कौरीनला पुढे नेणाऱ्या विकराच्या जागेत जाऊन बसतं. वाट तिथेच अडते. म्हणजे आपण झाडाला काही देत नाही, त्याचं एक काम बंद पाडतो. याला संजीवकांच्या यादीत घालतात, पण शब्दाप्रमाणे बघितलं तर हे उलटंच आहे. खत नव्हे, औषध नव्हे, संजीवकही नव्हे.

आणि जिब्बरेलिन करतं तरी काय? इथे मला सगळ्यांत गंमत वाटली. ते वाढीला ढकलत नाही. पेशीत 'डेला' नावाची प्रथिनं वाढीच्या दाराला आगळ घालून बसलेली असतात (दाराची आगळ, कोकमाची नव्हे). जिब्बरेलिन आपल्या ग्राहकाला (त्याला ओळखणाऱ्या प्रथिनाला) चिकटलं की ती जोडी डेलाला धरते आणि पेशी डेलाला मोडीत काढते. आगळ गेली, दार उघडलं. हा ग्राहक २००५ साली जपानी गटाला भातात सापडला. त्याच वर्षी ऑक्सिनचा ग्राहकही सापडला आणि त्याचीही तीच तऱ्हा: आडवं आलेलं प्रथिन मोडीत. म्हणजे झाड मुळात वाढायला तयारच असतं, फक्त बांधून ठेवलेलं.

आप्पांना सांगितलं, "आपला जया भात म्हणजे जन्मताच कल्टार घातलेला." ते म्हणाले, "मग आंबो पण तसोच कर की जन्मताच बुटको. माझी पहार सुटात."

१७ ऑगस्ट
नारळी पौर्णिमा येतेय. अंगणात नारळ, डोक्यात सायटोकायनिन. १९४१ साली योहानेस फान ओव्हरबेक यांनी धोत्र्याचे इवलेसे गर्भ काचेत वाढवताना नारळाचं पाणी घातलं, ते तगले. नारळाच्या पाण्यात पेशींना विभागायला लावणारं काहीतरी आहे, हे तिथून कळलं. पुढे स्कूग आणि मिलर यांच्या गटाने १९५५ साली कायनेटिन वेगळं केलं ते हेरिंग माशाच्या शुक्रजंतूंच्या जुन्या डीएनएमधून. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीचा विलायती नातलग. नारळाच्या पाण्यात होतं म्हणून शोधायला गेले नि माशात सापडलं. कोकणी माणसाला हे पटायला अजिबात जड नाही.

कापलेलं पान सायटोकायनिनमध्ये हिरवं टिकतं म्हणून अळूची दोन पानं, एक साध्या पाण्यात, एक शहाळ्याच्या पाण्यात. तिसऱ्या दिवशी शहाळ्याच्या पाण्याला फेस, वास आणि मुंग्या. साध्या पाण्यातलं पान अजून बरं होतं. साखर असते हे लक्षातच घेतलं नाही. वाटी आईंनी फेकली, वर मला ऐकवलं.

६ ऑक्टोबर
परतीचा पाऊस. कापणीला आलेला भात दोन दिवस आडवा, आणि लोंबीतच कोंब. दाण्यात अॅब्सिसिक आम्ल असतं ते 'आत्ता नको' म्हणत असतं. ते ओसरलं नि ओल मिळाली की गर्भातून जिब्बरेलिन सुटतं, दाण्याच्या बाहेरच्या थरातून अमायलेज निघतं, पिठाची साखर होऊ लागते. नाचणीचं सत्त्व करताना आपण हेच मुद्दाम करतो. शेतात झालं की नुकसान.

खाडीवर कांदळाच्या शेंगा लोंबतायत. त्यांनी 'आत्ता नको' म्हणायचं जवळजवळ सोडूनच दिलंय, गर्भ झाडावरच रुजतो, त्याच्यात अॅब्सिसिक आम्ल बाकीच्यांच्या मानाने कमी. खारट चिखलात पडून रुजण्यापेक्षा रुजूनच पडावं. भाताने केलं तर तोटा, कांदळाने केलं तर शहाणपण.

१९ ऑक्टोबर
लोकर बांधलेले शेंडे मोजले. कलम ९: वीसपैकी १३ शेंड्यांना नवी पालवी, तांबूस, लुसलुशीत, तुडतुड्यांना आमंत्रण. कलम ५: ११. कलम १२: ८. कल्टार घातलेल्या कलम ४ ला तीनच, कलम ११ ला पाच. कलम २ ला एकही नाही, निम्मी मात्रा देऊनसुद्धा.

आता आलेली पालवी जून होऊन मोहोराला तयार व्हायला वेळ लागणार. म्हणजे माझ्या तीन कलमांचं जानेवारीच्या आधी काही खरं नाही.

२६ नोव्हेंबर
पहाटे थंडी. कलम ४ च्या दक्षिणेच्या फांदीवर शेंड्याची डोळी फुगलेली दिसली, दोन दिवसांनी बोंगे फुटले. आप्पांनी फोन करून मला वर्गात असताना सांगितलं, "मोहर इलो!" फोन घ्यायचा नसतो, घेतला.

आंब्याची डोळी एकच असते, तिची पालवी व्हायची की मोहोर हे ठरायचं असतं. जिब्बरेलिन भरपूर असलं की पालवीकडे कल. ते कमी, काडी जून, आणि रात्री गार, असं तिन्ही जुळलं की जुन्या पानांकडून येणारा फुलण्याचा निरोप वरचढ होतो. कल्टार तिन्हींतलं एक जुळवतं. थंडी पडली नाही तर ते एकटं काय करणार, हे बाटलीवर लिहिलेलं नसतं.

५ जानेवारी
कलम ९ ला आज पहिला मोहोर, तोही सात शेंड्यांना. कलम १२ निम्मं कोरं. कलम ४ ला एव्हाना वाटाण्याएवढी कणी.

१८ जानेवारी
थंडी हटायला तयार नाही. कलम ४ आणि ११ ला कणी असलेल्याच काड्यांच्या बगलेतून दुसरा मोहोर डोकावतोय. हा पुनर्मोहोर आला की झाड सगळं त्याच्याकडे वळवतं नि आधीची कणी गाळतं. शिफारस: जिब्बरेलिक आम्ल ५० पीपीएम, म्हणजे १ ग्रॅम २० लिटर पाण्यात.

आप्पांना समजावलं. ते पाटावर बसून बराच वेळ गप्प, मग म्हणाले, "म्हणजे जुलयात जा बंद केला, ताच जानेवारीत फवारूचा?" हो. "हो सोसायटीचो कर्जासारखो प्रकार. फेडूचा नि परत काढूचा."

त्यांच्या बोलण्यात चूक काढता येईना. जुलैत डोळीचा निकाल मोहोराकडे झुकवायचा होता, म्हणून जिब्बरेलिन तोडलं. आता मोहोर पुरे, म्हणून वरून दिलं. मधे सहा महिने गेले, इतकाच फरक.

चूक माझी झाली. पुडी फोडून सरळ बादलीत टाकली. भुकटी वर तरंगत राहिली, काठीने ढवळली तर काठीला चिकटली. जिब्बरेलिक आम्ल पाण्यात नीट विरघळत नाही, आधी थोड्या स्पिरिटमध्ये विरघळवून घ्यायचं, हे मी मुलांना प्रॅक्टिकलला सांगते. आप्पांनी कपाटातली स्वतःची बाटली पुढे केली. मी स्पिरिट आणायला बाजारात गेले. पहिल्या दुकानात विचारल्यावर बिनलेबलाची बाटली काढून "हेच ते संजीवक, सगळ्याला चालतं" म्हणाले. नमस्कार करून पुढच्या दुकानात गेले. 'सगळ्याला चालतं' असं संप्रेरक असतं तर झाडांनी पाच-सहा कशाला बनवली असती!

१० फेब्रुवारी
गळ. कलमांखाली सकाळी सुपारीएवढे आंबे वेचले. देठाशी तुटण्याची एक ठरलेली जागा असते. फळाच्या बाठ्यातून ऑक्सिन त्या जागेतून वाहत असेतो ती घट्ट. गर्भ खुरटला, ओल कमी पडली, ऑक्सिन ओसरलं की तीच जागा इथिलीनला ऐकू लागते नि सुटते. गळालेली दहा फळं कापली, सहांत बाठा काळा पडलेला.

१४ एप्रिल
पहिली तोड. झेल्याने, देठ ठेवून, सकाळी दहाच्या आत. कलम ४: २३ डझन. कलम २: ९ डझन, पण यंदा मोहोराच्या काड्या झुपक्यातून थोड्या मोकळ्या दिसत होत्या. कलम ९ ला अजून तयारी नाही.

मांगराच्या माळ्यावर गवताची आढी घातली. एक थर गवत, एक थर आंबे, परत गवत.

२३ एप्रिल
रात्री दोनला उठून आढी बघायला गेले. बॅटरी लावली नाही, वासावर. शिडीच्या तिसऱ्या पायरीवर काही नाही, पाचवीवर आलं. हात आत घातला तर गवत बाहेरच्यापेक्षा कोमट. डाव्या कोपऱ्यातला एक आंबा देठाशी दबला. तो काढला, आणि तेवढ्या जागेत जरा वेळ हात ठेवून बसले.

इथिलीन हा एकच संप्रेरक वायू. १९०१ साली सेंट पीटर्सबर्गच्या दिमित्री नेल्युबोव्ह यांच्या प्रयोगशाळेत वाटाण्याची रोपं जाड, आखूड नि आडवी वाढत होती. कारण निघालं दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन. झाडं ते स्वतः बनवतात हे १९३४ मध्ये रिचर्ड गेन यांनी सफरचंदांवरून दाखवलं, आणि मेथिओनिनपासून इथिलीनपर्यंतच्या वाटेवरचा हरवलेला दुवा, एसीसी, १९७९ मध्ये अॅडम्स आणि यांग यांना सापडला. बाकीच्या संप्रेरकांचं बनवणं जास्त झालं की झाड आवरतं. पिकत्या फळात इथिलीन उलटं वागतं: आहे म्हणून आणखी बनतं. म्हणून आढीत एक पिकला की शेजारी गप्प बसत नाहीत, आणि म्हणूनच पहिला पिकलेला वेळेत काढायचा.

चपलांच्या खोक्याचं भोक चिकटपट्टीने बंद केलं. त्यात सहा आंबे नि एक पिकलं वेलची केळं, दुसऱ्या खोक्यात नुसते सहा. केळ्याबरोबरचे सहाव्या दिवशी पिवळे, नुसते नवव्या दिवशी. पिकवणगृहात इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत चालतो, कार्बाइडला बंदी आहे. कार्बाइडमधून निघतो तो अॅसिटिलीन, इथिलीनचा हलका तोतया. सालीला फसवतो, गराला फसवता येत नाही.

१२ मे
कलम ९ ची तोड. ६ डझन. कलम ५: ८, कलम १२: ४, म्हणजे तिन्ही मिळून कलम ४ पेक्षा कमी, आणि भाव उतरल्यावर. माझ्या पगाराचा विषय आप्पांनी काढला नाही, आईंनी काढला.

पण ९ नंबरच्या फांद्या यंदा हातभर लांबल्यात, पानं रुंद. वर्षाआड फळणं हा हापूसचा जन्मस्वभाव. पुढच्या वर्षी ते काय करतं हे बघितल्याशिवाय एका वर्षाच्या डझनांवरून मी काही म्हणणार नाही.

३० मे
पुढच्या जुलैची मात्रा लिहायला घेतली. कलम ४: २० मिलि. कलम ११: २४. कलम ७: भोकं बसत नाहीत त्या बाजूला माती टाकून घ्यायची. कलम २: काही नाही.

आप्पा चष्मा लावून वही बघत होते. पुतणीच्या खोकल्याच्या औषधाचं मापाचं प्लॅस्टिक टोपण त्यांनी कुठून तरी पैदा केलंय, त्यावर ५, १०, १५ च्या रेघा आहेत. ते वहीवर ठेवलं. मग माझं पेन घेऊन ५ आणि १२ समोर स्वतःच आकडे घातले, आणि ९ समोर एक आडवी रेघ मारली.

"ह्याका औंदा पण नको. बघूया काय करता ता."